जुनी सायकल विकणे आहे : जाहिरात लेखनाचा एक खराखुरा पाठ



नववी-दहावीच्या उपयोजित लेखनात जाहिरात लेखन असतं. मुलं बहुधा काय लिहितात? ‘त्वरा करा’, ‘स्वस्तात मस्त’, ‘आजच भेट द्या’. गुणही मिळतात. पण अशी जाहिरात वाचून कोणी खरंच वस्तू घेईल का, हे आपण तपासत नाही. म्हणून मुलुंडला आमच्या जिन्याखाली उभी असलेली माझी जुनी सायकल विकायला काढली आणि जाहिरातीचं काम वर्गाला दिलं.

पहिला मसुदा

‘उत्तम स्थितीतील, दणकट, नव्यासारखी सायकल विकणे आहे.’

मी विचारलं, “टायर कोणत्या मापाचा? ब्रेक लागतात का? किती वर्षं वापरली?” वर्ग गप्प. तीन विशेषणं होती, माहिती एकही नव्हती.

तपासणी

मग सायकल शाळेच्या मैदानात आणली. मुलांनी मागचं चाक उचलून फिरवलं, त्याला थोडा आउट निघाला. मडगार्ड गंजलेले, सीट फाटलेली. फ्रेम मात्र सरळ.

टायरवर माप छापलेलं होतं, २८ बाय दीड. दुकानात टायर-ट्यूब मागताना हेच माप सांगावं लागतं. सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या ॲटलसचंच बघा. ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. पण या मापाचे टायर इतर कंपन्याही बनवतात, म्हणून जुन्या ॲटलसचं चाक अडून राहत नाही.

शेवटी ब्रेक. रॉड ब्रेकचे रबर पार झिजलेले होते. एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, हे लिहिलं तर सायकल घेणार कोण?”

पाठ खरा इथे सुरू झाला. मी विचारलं, “आणि नाही लिहिलं तर?” रात्रपाळीहून परतणारा वॉचमन, पहाटे पेपर टाकणारा मुलगा, पाववाला; आपल्या उपनगरात अशी सायकल बहुधा हीच माणसं घेतात. पावसात, बसच्या मागे, ब्रेक लागला नाही तर?

बऱ्याच चर्चेनंतर मुलांनीच नियम काढला : दिसण्याची उणीव लिहायची, जिवाशी खेळणारी उणीव आधी दुरुस्त करायची. त्याच संध्याकाळी ब्रेकचे रबर बदलून आणले.

अंतिम जाहिरात

जुनी सायकल विकणे आहे
काळी, बिनगिअरची. टायर २८ बाय दीड. वापर १४ वर्षे. मूळ बिल आहे.
चांगले : फ्रेम सरळ, ब्रेकचे रबर नवे, कॅरिअर मजबूत.
उणिवा : मागच्या चाकाला थोडा आउट, मडगार्ड गंजलेले, सीट फाटलेली.
सपाट रस्त्याला योग्य. चढावर जड जाते.
किंमत १,२०० रुपये. चालवून पाहूनच घ्यावी.

चढाची ओळ एका मुलीची. तिची आत्या घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर राहते; तिथे ही सायकल ढकलतच न्यावी लागेल, असं तिचं म्हणणं!

सायकल शेजारच्या सोसायटीतल्या वॉचमनकाकांनी घेतली. त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, शंभर रुपये कमी केले आणि म्हणाले, “सीट मी बघतो.” उणिवा आधीच माहीत असल्यामुळे घासाघीस लवकर आटपली. पेडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेम क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून सही केलेली पावती त्यांना दिली, सोबत मूळ बिलही. उद्या कोणी ‘सायकल कुठून आणली?’ विचारलं, तर त्यांच्या हातात कागद हवा.

पालकांनो, दप्तर, टेबल, मिक्सर, घरातली कोणतीही जुनी वस्तू घ्या. मुलांना आधी ती तपासू द्या, मग लिहू द्या. ‘उत्तम’ हा शब्द न वापरण्याची अट मात्र घाला. फरक लगेच दिसेल.