शहिदाच्या कागदांवर काट मारू नका

युद्धात मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याच्या घरी सरकारचे पदक येते आणि त्याच्या सामानातले कागदही येतात. पदकातून सरकार बोलते, कागदांतून तो माणूस बोलतो. म्हणूनच कागद कोणाच्या ताब्यात जातात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीचे उदाहरण घ्या. बाप रेल्वेत नोकरीला. पहिल्या महायुद्धात हा तरुण मँचेस्टर रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होता. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील ओर्स येथे कालव्यावरच्या लढाईत तो मारला गेला. वय अवघे २५. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले आणि त्याच दिवशी मृत्यूची तार घरी पोहोचली. हयातीत त्याच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या होत्या. जग त्याला ओळखते ते मागे राहिलेल्या कागदांमुळे! १९२० मध्ये त्यांतूनच त्याचा कवितासंग्रह निघाला.

आईला लिहिलेली त्याची शेकडो पत्रे जपली गेली, हे त्या माउलीचे उपकारच. पण धाकटा भाऊ हॅरॉल्ड याने ती १९६७ मध्ये प्रसिद्ध करताना काही मजकूर शाईने खोडला, काही कापून काढला. हेतू वाईट नव्हता. भावाचे नाव निष्कलंक राहावे एवढेच त्याला वाटत होते. परंतु कोर्टात खाडाखोड केलेला दस्तऐवज आला, की हेतू चांगला होता एवढे सांगून भागत नाही.

त्याच्या मिलिटरी क्रॉस पदकाच्या मानपत्राचेही तेच. ओवेनने शत्रूची मशीनगन ताब्यात घेऊन तिच्याच गोळ्यांनी शत्रूची मोठी हानी केली, असे सरकारी गॅझेट सांगते. पत्रसंग्रहात छापलेल्या मानपत्रात मात्र त्याने कैदी पकडले, असे आहे. युद्धाची वेदना सांगणाऱ्या कवीने माणसे मारली, हे नको होते काय? पण त्याच्या साक्षीचे बळ तर त्यातच आहे! ज्याने स्वतः गोळी झाडली, तोच युद्धाला वीरगाथा म्हणायला नकार देतो.

त्याच्या कागदांचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९२० मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहिले. शेवटचा निरोप घेताना मुलाने टागोरांच्या ओळी म्हटल्या होत्या. पुढे त्याची खिशातली वही घरी आली, तेव्हा त्याच ओळी त्याच्या हस्ताक्षरात, खाली टागोरांच्या नावासह, तिला सापडल्या. ज्या साम्राज्यासाठी तो लढला, त्याच साम्राज्याच्या गुलाम प्रजेतील एका कवीचे शब्द त्याच्या खिशात होते. हे कोणत्या पदकावर कोरले असते?

वाचकहो, आपल्या वस्त्यांतही फौजेत गेलेल्यांची घरे आहेत. त्यांच्या ट्रंकेत पत्रे असतील, वह्या असतील. त्या रद्दीत घालू नका आणि त्यांतला अडचणीचा मजकूर खोडूही नका. मेलेल्या माणसाला साक्षीला पुन्हा उभे करता येत नाही. त्याची जबानी आहे तशीच राहू द्या.