कढई घेताना डॉक्टरांना कोण विचारतो?

परवा दवाखान्यात एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सून चार महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन आठ, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. गोळ्या लिहून देता देता मी सहज विचारले, "भाजी कशात करता?" बाई अभिमानाने म्हणाल्या, "सगळं स्टीलचं आणि नॉनस्टिक, डॉक्टर. सासूबाईंची लोखंडी कढई होती, ती मोडीत घातली. फार काळी दिसायची."

मोडीचे किती आले, ते मी विचारले नाही.

वाचकहो, भांडी घेताना आपण चकाकी बघतो, वजन बघतो, दुकानदाराशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. पण त्या भांड्यातून अन्नाबरोबर पोटात काय जाते, हे सहसा कोणी विचारत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा घरात लोखंडी कढई ही अडगळ नव्हे. तिच्यातून थोडे थोडे लोह अन्नात उतरते. टोमॅटो, चिंच, आमसूल असे काही आंबट असले तर जास्त उतरते. इथिओपियात लहान मुलांवर एक पाहणी झाली. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना ॲल्युमिनियमची. वर्षभराने लोखंडी भांड्यांतले जेवणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढलेले दिसले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली.

मात्र कढई आणली म्हणून गरोदर स्त्रीने लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर त्याचे अन्न लोखंडी भांड्यात शिजवू नये, त्याच्या शरीरात लोह आधीच जास्त साठत असते.

आता स्टीलकडे वळू. स्टेनलेस स्टीलवर उगाच राग धरण्याचे कारण नाही. आपल्या पिढीने या भांड्यांचे उपकारच मानावेत. पूर्वी लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. पोट फुगायचे, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुले दगावायची. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या घरची भांडी तपासली. तान्ह्या बाळाचे वरचे दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जात होते, आणि दुधात तांबे उतरत होते. घरोघर स्टील आले, तसा हा आजार जवळजवळ नाहीसाच झाला. हल्ली पितळेची भांडी पुन्हा 'आरोग्यदायी' म्हणून विकली जातात, तेव्हा मला ही मुले आठवतात. पितळ हौसेने घ्या, पण आतून कल्हई पाहिजे, आणि तिच्यात ताक, कढी, सोलकढी किंवा बाळाचे दूध नको.

स्टील घेताना पुष्कळजण खिशात चुंबक घेऊन जातात. चिकटले नाही तर माल चांगला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. ३०४ नावाच्या चांगल्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही! हे स्टील विषारी नाही, पण मीठ आणि आंबटापुढे लवकर हार खाते. उलट इंडक्शन शेगडीसाठी बनवलेल्या चांगल्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलेच पाहिजे. म्हणून चुंबक घरी ठेवा. भांड्यावर ३०४ किंवा १८/८ असा छाप आणि आय.एस.आय. चिन्ह बघा, आणि पक्के बिल घ्या.

स्टीलचा खरा दोष हा की त्यातून उष्णता नीट पसरत नाही. पातळ बुडाच्या कढईत मधोमध भाजी करपते आणि कडेला कच्ची राहते. मग आपण तेल वाढवतो, आणि ते वाढलेले तेल शेवटी माझ्या दवाखान्यात येते. यासाठी बुडात ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेली किंवा पूर्ण तीन थरांची, म्हणजे ट्रायप्लाय, कढई घ्यावी. महाग पडते, पण पुढच्या पिढीपर्यंत टिकते. कढई आधी तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो पाऱ्यासारखा पळू लागला की मग तेल घाला, भाजी चिकटणार नाही. मीठ पाणी उकळल्यावर घाला, थंड पाण्यात तळाशी बसले तर बारीक खड्डे पडतात. नकली दागिन्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते, त्यांना निकेलची ॲलर्जी असू शकते. त्यांनी नव्या स्टीलमध्ये पहिले काही दिवस आंबट पदार्थ फार वेळ शिजवू नयेत.

नॉनस्टिकबद्दल एवढेच की ते रिकामे मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांपुढे त्याचा थर बिघडू लागतो, आणि फार तापले तर त्याच्या धुराने पिंजऱ्यातला पोपट मरू शकतो. चायनीजच्या गाडीवरची भडकलेली आच या भांड्यांसाठी नाहीच. तसल्या परतण्यासाठी साध्या लोखंडी पत्र्याची गोल बुडाची कढईच हवी. हिंडालियम आणि भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या कढयांबाबत मात्र मी कडक आहे. अशा काही आयात भांड्यांतून अन्नात शिसे उतरते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

शिवाय लांब दांड्याची कढई ओट्याबाहेर डोकावते आणि रांगते मूल ती ओढते. तेलाने भाजलेली अशी दोन बाळे मी पाहिली आहेत. दोन कानांची घ्या. मनगट दुखणाऱ्यांनी बिडाची मोठी कढई नवऱ्याला उचलायला सांगावी.

त्या बाई पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. आठवडी बाजारातून लोखंडी कढई आणली होती. तक्रार एकच, "डॉक्टर, वांग्याची भाजी काळी होते. सून खात नाही." मी सांगितले, काळेपणा अपायकारक नाही, वांग्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन तो येतो. कढई साबणाने एकदा स्वच्छ धुवा, कोरडी तापवा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत ठेवा, असे तीन-चार वेळा करा. आणि भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. "कशात काढू?" त्यांनी विचारले. म्हटले, तुमच्या त्या चकचकीत स्टीलमध्ये.