नियमित पदावली
नियमित पदावली : मजकुरातील विशिष्ट रचनेचे अक्षरक्रम शोधून काढण्यासाठी संगणकास देण्यात येणारे सांकेतिक सूत्र. इंग्रजीत यास ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. या संकल्पनेची गणिती मांडणी अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली; केन टॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकूरशोधासाठी तिचा उपयोग मांडला. सूत्रातील ‘|’ हे चिन्ह विकल्प, तर ‘*’ हे चिन्ह आधीच्या घटकाची शून्य वा अधिक वेळा आवृत्ती दर्शविते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९–६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संगणकीय संहिता उपलब्ध आहे. अशा संहितेत ‘धर्मः’ हे रूप संधीमुळे ‘धर्मो’, ‘धर्मश्च’ असेही येते. देवनागरीत धर्म(ः|ो|श्च) या एकाच सूत्राने तिन्ही रूपे सापडतात. मात्र त्यांबरोबर नेमक्या उलट अर्थाचे ‘अधर्मः’ हेही हाती येते. आधी ‘अ’ असलेली रूपे वगळली, तरी ‘नाधर्मः’ (न + अधर्मः) उरतेच. कारण तेथे ‘अ’ संधीत मिसळून गेलेला असतो. सूत्र अक्षरे जुळविते, अर्थ जाणत नाही; म्हणून प्रत्येक स्थळाचा अंतिम निर्णय अभ्यासकासच करावा लागतो.