कुष्ठ व पुष्करमूळ : हिमालयातील दोन सगोत्र वनस्पतींची निश्चिती

औषधी योगाचे यश प्रथम द्रव्याच्या निश्चितीवर अवलंबून असते. कुष्ठ व पुष्करमूळ या दोन द्रव्यांबाबत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. दोन्ही शेवंती-ॲस्टरच्या कुलातील, म्हणजे ॲस्टरेसी कुलातील असून दोन्ही हिमालयातून येतात. वाळलेल्या तुकड्यांच्या स्वरूपात मात्र त्यांची सरमिसळ सहज होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची गणना आहे. तेथे हिक्का, श्वास, कास व पार्श्वशूल यांवर पुष्करमूळ, तर वातहर अभ्यंग व उपनाहासाठी कुष्ठ श्रेष्ठ मानले आहे. भावप्रकाशाने पुष्करमुळाच्या अभावी कुष्ठाची अनुमती दिली आहे. तथापि ती अनुमती अभावापुरतीच आहे. स्वस्त मिळाले म्हणून एक द्रव्य दुसऱ्याच्या नावाने वापरणे प्रतिनिधी-द्रव्याच्या नियमात बसत नाही.

अधिवास

कुष्ठ म्हणजे सॉसुरिया कॉस्टस. जुन्या ग्रंथांतील नाव सॉसुरिया लाप्पा. मराठीत त्यास कोष्ठ किंवा उपलेट म्हणतात. अथर्ववेदातही हिमवान पर्वतावर उगवणारी वनस्पती म्हणून कुष्ठाचा उल्लेख येतो. काश्मीर व लगतच्या पश्चिम हिमालयात सुमारे २,६०० ते ४,००० मीटर उंचीवरील ओलसर, मोकळ्या उतारांवर ती नैसर्गिकरीत्या वाढते. लाहौलमध्ये तिची लागवड केली जाते. पुष्करमूळ म्हणजे इन्युला रेसिमोसा. तेही वायव्य हिमालयातीलच. परंतु ते कुष्ठापेक्षा कमी उंचीवरही आढळते व लाहौलमधील शेतांतही घेतले जाते.

सजीव वनस्पतीची लक्षणे

फुलोऱ्यावर असताना दोहोंत घोटाळा होण्याचे कारण नाही. कुष्ठाचे क्षुप एक ते दोन मीटर उंच असते. मुळाशी मोठी त्रिकोणी पाने असून त्यांच्या लांब देठास पंखासारखी किनार असते. जांभळट-निळसर, जवळजवळ काळपट स्तबके बिनदेठाची व गुच्छात येतात. त्यांस पाकळ्यांसारखी किरणपुष्पे नसतात. पुष्करमुळाची स्तबके मोठी, पिवळी, किरणपुष्पयुक्त व दांड्यावर मंजरीसारखी रचलेली असतात. पाने चिवट, वरून खरखरीत व खालून दाट लोमश असतात.

बाजारातील मुळांची लक्षणे

औषधालयात येतात ती केवळ मुळे. कुष्ठाचे मूळ करडे ते मळकट तपकिरी, जाड, सुरकुतलेले असते. छेदावर बाहेरचे वलय व आतील सच्छिद्र काष्ठमय भाग वेगळे दिसतात. मध्यभाग कधी खचलेला असतो. गंध तीव्र व विशिष्ट, चव किंचित कडू. पुष्करमूळ बाहेरून तपकिरी-करडे, उभ्या रेषांचे व भेगाळलेले असते, तर आतून पिवळसर तपकिरी असते. गंध व चव दोन्हींत कापराची छटा असते.

या कुलातील मुळांत पिष्ट (स्टार्च) नसून इन्युलीन असते. म्हणून चूर्ण पाण्यात उकळून, पूर्ण थंड करून त्यात आयोडीनचे विरल द्रावण टाकल्यास निळा रंग येऊ नये. निळा रंग आल्यास पिष्टयुक्त कंदाची भेसळ समजावी. कॉस्टस स्पेसिओसस, म्हणजे आपल्या कोकणातील पेव, हिचा कंद असा पिष्टयुक्त आहे. केवळ लॅटिन नावाच्या साम्यावरून तिला कुष्ठ समजू नये. मात्र ही परीक्षा कुष्ठ व पुष्करमूळ यांस परस्परांपासून वेगळे करू शकत नाही. त्यासाठी प्रमाणित नमुन्याशी तुलना करून पातळ-थर वर्णलेखन करणे इष्ट. कुष्ठात कॉस्ट्युनोलाइड व डिहायड्रोकॉस्टस लॅक्टोन, तर पुष्करमुळात अलँटोलॅक्टोन हे प्रमुख घटक आहेत. चूर्ण विकत घेतल्यास गंध वगळता वरील बहुतेक बाह्य लक्षणे नाहीशी होतात. म्हणून अखंड मुळेच घ्यावीत.

याच तीन लॅक्टोनांचे मिश्रण ॲस्टर-कुलातील वनस्पतींची त्वचेवरील ॲलर्जी तपासण्यासाठी वापरतात. गाजर गवतामुळे त्वचाविकार झालेल्या रुग्णास कुष्ठयुक्त लेप किंवा तेल देण्यापूर्वी हे स्मरणात ठेवावे.

कायदेशीर बाजू

अनिर्बंध खोदाईमुळे रानटी कुष्ठ अतिसंकटग्रस्त झाले आहे. मूळच काढले जात असल्याने प्रत्येक खोदाईबरोबर झाड नष्ट होते. १९८५ पासून ते साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात ते पूर्वी सहाव्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या अनुसूचीत आले. लागवड व व्यापार यांस परवाना लागतो आणि खरेदी परवानाधारकाकडूनच करावी लागते. अतएव पुष्करमूळ म्हणून घेतलेल्या मालात कुष्ठ निघाले, तर औषधनिर्माता अजाणता या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो.

तेव्हा मागणीपत्रात संस्कृत नावासह वनस्पतिशास्त्रीय नाव लिहावे, लागवडीचा दाखला व पुरवठादाराचा परवाना मागावा, आणि प्रत्येक खेपेचा अखंड नमुना जपून ठेवावा. प्रतिनिधी द्रव्य वापरणे भागच पडले, तर तशी स्पष्ट नोंद व्हावी. म्हणजे श्वासाच्या रुग्णास आपण नेमके काय देत आहोत, हे वैद्यास निश्चित कळेल.