एंट्रॉपी, माहिती आणि निरीक्षक : प्रा. थानू पद्मनाभन यांच्या विचारांच्या संदर्भात

प्रस्तावना : पदवी वर्गात एंट्रॉपीची ओळख 'अव्यवस्थेचे माप' अशी करून दिली जाते. ही व्याख्या सोयीची असली तरी अपुरी आहे. कारण अव्यवस्था कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न ती अनुत्तरित ठेवते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

एंट्रॉपी आणि माहिती : वायूचे तापमान, दाब व आकारमान ठाऊक असले तरी रेणूंच्या असंख्य सूक्ष्म रचना त्या वर्णनाशी जुळतात. या रचनांच्या संख्येच्या लॉगरिदमशी एंट्रॉपी प्रमाणात असते, हे बोल्ट्झमन यांचे प्रतिपादन होय. म्हणजेच एंट्रॉपी हे निरीक्षकाच्या हाती नसलेल्या माहितीचे माप ठरते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनासाठी मांडलेले सूत्र याच स्वरूपाचे आहे. माहिती पुसताना ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते, हे रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ साली मांडले आणि २०१२ मध्ये प्रयोगाने त्यास पुष्टी मिळाली. तेव्हा माहिती ही केवळ मनोव्यापाराची बाब राहत नाही.

निरीक्षकाचे स्थान : कृष्णविवराची एंट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाशी प्रमाणात असते, असे बेकेनस्टाइन यांनी १९७३ साली प्रतिपादन केले. त्वरणयुक्त निरीक्षकास निर्वात अवकाशही उष्ण भासेल, असे उन्रू यांनी १९७६ मध्ये दाखविले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील प्रा. थानू पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी हे सूत्र पुढे नेले. ज्या निरीक्षकापासून क्षितिज माहिती झाकते, त्याच्या दृष्टीने त्या क्षितिजास एंट्रॉपी असते. मुक्तपणे गतिमान निरीक्षकास तेथे क्षितिजच नसते. जे तापते त्यास सूक्ष्म घटक असले पाहिजेत. म्हणून अवकाशकालासही सूक्ष्म रचना असावी आणि गुरुत्वाकर्षण हे तिचे उष्मागतिकीय रूप असावे, असा त्यांचा विचार होता. पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणास हे तापमान एक अंश केल्विनच्या अब्जाव्या भागाहूनही अतिशय कमी भरते. साहजिकच या विचारास प्रत्यक्ष प्रायोगिक आधार अद्याप लाभलेला नाही.

समारोप : निरीक्षकसापेक्ष म्हणजे मनमानी नव्हे. वेगही सापेक्ष असतो. परंतु संदर्भचौकट निश्चित केली की त्याचे मूल्य सर्वांना एकच मिळते. एंट्रॉपीचेही तसेच आहे. म्हणून अध्यापनात 'अव्यवस्था' या शब्दावर न थांबता कोणत्या राशी मोजल्या आणि कोणती माहिती सोडून दिली, हे आधी स्पष्ट करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.