आधी काय, मग काय?

मराठीच्या कृतिपत्रिकेत 'घटनाक्रम लावा' किंवा 'ओघतक्ता पूर्ण करा' अशी एक कृती असते. गुण मोजके आणि उत्तर उताऱ्यातच समोर दिसणारं, म्हणून मुलं ती सोपी समजतात. घरची माणसंही तिच्याकडे फारसं बघत नाहीत. चूक मात्र इथे ठरलेली असते. वाक्यं ज्या क्रमानं छापली आहेत त्याच क्रमानं मूल ती उतरवून काढतं. सांगणारा शेवटापासून सुरुवात करू शकतो, मधूनच मागे जाऊ शकतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

पोळा फुटला, पण त्याआधी?

नागपूरकडच्या एखाद्या गावातला पोळा घेऊ. समजा, उतारा असा आहे:

'पोळा फुटण्याआधी झडत्या रंगल्या. बैल तोरणाखाली केव्हाचे येऊन उभे होते. त्यांची खांदशेकणी तर आदल्या संध्याकाळीच आटोपली होती. घरी परतल्यावर त्यांची पूजा झाली, मग पुरणपोळीचा घास मिळाला. दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा केला.'

पहिले शब्द 'पोळा फुटण्याआधी' हे आहेत, पण पोळा फुटणं ही घडलेल्यातली चौथी गोष्ट आहे. खरा क्रम खांदशेकणी (बैलांचे खांदे शेकणं), तोरण, झडत्या (पोळ्यात म्हटली जाणारी गाणी) आणि मग पोळा फुटणं (तोरण तोडून बैल सुटणं) असा लागतो. शिवाय पहिल्या एकाच वाक्यात दोन घटना आहेत आणि त्यांतली नंतरची आधी सांगितली आहे. वाक्यांना क्रमांक देत बसलेलं मूल इथेच फसतं.

ज्यानं पोळा डोळ्यांनी पाहिला आहे तो पोरगा फसत नाही. तो उतारा न वाचताही क्रम लावेल. नागपूर शहरातल्या मुलाला तान्हा पोळा ठाऊक असतो, त्याच दिवशी निघणारी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, तीही ठाऊक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. पण खांदशेकणी त्यानं पाहिलेली नसते. तिथे त्याला आधार फक्त शब्दांचा. म्हणून मुलाला क्रम कळतो की नाही हे तपासायचं असेल, तर त्याच्या ओळखीबाहेरचा विषय द्यावा. ओळखीच्या विषयात आकलनाचे गुण आठवणीला मिळतात.

क्रियापदाची शेपटी

'आधी', 'मग', 'नंतर' हे शब्द अधोरेखित करा, असं मुलांना सांगितलं जातं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. मराठी बराचसा क्रम क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांत ठेवते. 'धुऊन वाळत घातले' यात 'मग' कुठेच नाही, तरी धुणं आधीचं. 'आल्यावर' म्हणजे येणं आधीचं. 'येताच' म्हटलं की मधे उसंत नाही. 'येताना' म्हटलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. 'येईपर्यंत' म्हटलं की दुसरी गोष्ट चालू असताना पहिली यायची आहे. आणि 'आटोपली होती' मधलं ते शेवटचं 'होती' वाचकाला सांगतं की आता चाललेल्या गोष्टीच्या मागे जा.

सगळ्यांत अवघड '-ण्याआधी'. मराठीत हा तुकडा बहुधा वाक्याच्या तोंडाशी येतो, त्यामुळे जे पहिल्यांदा ऐकू येतं ते नंतर घडलेलं असतं. ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली सगळ्यांत लहान मुलं 'आधी' आणि 'नंतर' या अर्थाच्या शब्दांकडे दुर्लक्ष करून, जे आधी ऐकलं तेच आधी घडलं असं धरत होती. आपली पोरं काही वेगळी नाहीत. दमलेला मोठा माणूसही असंच वाचतो.

मराठीनं आणखी गंमत करून ठेवली आहे. 'परवा' होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही. 'परवा आले' की 'परवा येतील' हे क्रियापदापर्यंत पोचल्याशिवाय कळत नाही. 'मागे एकदा' म्हणजे पूर्वी, पण 'मागाहून आला' म्हणजे नंतर. शब्द एका कुळातले आणि दिशा उलट्या.

'जेवून राहिले' म्हणजे काय?

नागपुरात क्रियापदाच्या या शेपटीला खास एक गाठ पडते. पुस्तकी मराठीत 'मामा जेवून राहिले' या वाक्यात दोन पायऱ्या आहेत: मामा आधी जेवले, मग मुक्कामाला थांबले. नागपूरच्या बोलण्यात मात्र याचा अर्थ मामा आत्ता, या घडीला जेवत आहेत. 'काय करून राहिला बे?' या प्रश्नात आधी काही करून नंतर राहण्याचा संबंधच नाही. हिंदीतल्या 'कर रहा है'ची ही सख्खी बहीण.

म्हणजे पुस्तकात जे '-ऊन' पूर्ण झालेली पायरी दाखवतं, तेच '-ऊन' घरी चालू असलेल्या कामाला लागतं. कोणतं रूप शुद्ध, या वादात मला रस नाही. घरची बोली बिनचूक आहे, तिचा नियम वेगळा आहे. शिक्षकांनी दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहून दोन चित्रं काढून घेतली, तर मूल दोन्ही नियम सांभाळतं. 'असं बोलू नको' म्हटल्यानं ते फक्त गप्प होतं.

सन दिले तरी क्रम सुटत नाही

इतिहासात सन असतात, म्हणून क्रम सोपा, असं वाटतं. हे वाचा: '१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, तेव्हा इथे रेल्वे येऊन दहा वर्षं होत आली होती. भोसल्यांचं राज्य तर, डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारल्यावर, डलहौसीनं वारस नसल्याचं कारण काढून खालसा केलं होतं.' रेल्वेचा सन इथे दिलेलाच नाही. तो वजाबाकीनं काढायचा आहे: १८६७. मग राज्य, रेल्वे, गिरणी अशी उलटी साखळी हाती येते.

पुढची पायरी कारणाची. रेल्वे आणि गिरणी यांच्यात 'म्हणून' घालता येतं, कारण जवळचा कापूस आणि रेल्वेची सोय बघूनच टाटांनी नागपूर निवडलं. पण 'रघूजी वारले म्हणून रेल्वे आली' असं म्हणता येणार नाही. नंतर घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं, ही चूक परीक्षेत गुण घालवते आणि गप्पांत भांडणं लावते.

यादीत लपलेली पायरी

सरावाला स्वयंपाकघरासारखी जागा नाही. तर्रीपोह्यांची, म्हणजे हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्यासोबतच्या पोह्यांची, कृती मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि क्रियापदांना क्रमांक द्यायला सांगा, वाक्यांना नको. मग विचारा, कोणत्या दोन पायऱ्यांची अदलाबदल चालेल? पोहे आधी भिजवा की कांदा आधी चिरा, फारसं बिघडत नाही. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, केव्हाही चिरली तरी चालते. पण तर्री उकळण्याआधी पोह्यांवर ओतली तर ते पोहे कोणी खाणार नाही. कुठे क्रम बदलून चालतो आणि कुठे नाही, हे कळणं हे नुसता क्रम पाठ असण्यापेक्षा मोठं.

कृतीची पहिली पायरी बहुतेक वेळा कृतीत नसतेच. ती वर साहित्यात असते, 'भिजवलेले हरभरे, एक वाटी' अशी विशेषण होऊन बसलेली. रविवारी सकाळी पुस्तक उघडणाऱ्याला ती फार उशिरा दिसते. तेव्हा मुलासोबत हा प्रयोग करायचा असेल, तर यादी शनिवारीच वाचा. हरभरे रात्रीच भिजत घालावे लागतात.