उंबरठ्यावर अडणारा व्यवहार

घरातील वाय-फायवर सुरू केलेला व्यवहार जिना उतरता उतरता अडतो. 'कृपया प्रतीक्षा करा' ही अक्षरे पडद्यावर तशीच राहतात आणि पैसे गेले की नाही, या शंकेने ग्राहकाचा जीव टांगणीला लागतो. दोष बँकेचा की भ्रमणध्वनीचा, असा प्रश्न शाखेत वारंवार विचारला जातो. अनेकदा कारण या दोहोंच्या मधल्या वाटेत दडलेले असते.

मनोऱ्याकडून मनोऱ्याकडे

धावत्या गाडीत बोलत असताना आपला भ्रमणध्वनी एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जातो. संभाषण मात्र सहसा खंडित होत नाही. फोन आसपासच्या मनोऱ्यांच्या लहरींची तीव्रता मोजून कळवत असतो आणि मोबाइल कंपनीची यंत्रणा योग्य क्षणी जोडणी पुढील मनोऱ्याकडे सोपवते. यालाच 'हँडओव्हर' म्हणतात. या प्रवासात फोनचा इंटरनेटवरील पत्ता, म्हणजेच आयपी अ‍ॅड्रेस, सामान्यतः कायम राहतो.

वाय-फाय सुटताना

घरचे वाय-फाय आणि मोबाइल डेटा ही मात्र दोन स्वतंत्र जाळी आहेत. एकातून दुसऱ्यात केव्हा जायचे, हे बहुधा फोनलाच ठरवावे लागते. संकेत क्षीण झाला तरी फोन काही काळ वाय-फायला धरून राहतो. जाळे बदलताच त्याचा पत्ताही बदलतो. टीसीपी या सर्वत्र प्रचलित पद्धतीत जोडणीची ओळख दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट क्रमांक यांवरून ठरते. त्यांपैकी एक बदलला, की जुनी जोडणी निरुपयोगी होते.

यावर उपाय शोधले गेले आहेत. एकाच वेळी दोन वाटा वापरू शकणाऱ्या 'मल्टिपाथ टीसीपी'चा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने 'सिरी'साठी त्याचा वापर केला. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या 'क्विक' पद्धतीत जोडणीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर पत्ता बदलला तरी खातेक्रमांक तोच! मात्र अ‍ॅप आणि सर्व्हर या दोहोंत तशी सोय असेल, तरच तिचा लाभ मिळतो.

पैशाचे काय होते?

जोडणी तुटली, तर दोन शक्यता असतात. आपली सूचना बँकेपर्यंत पोहोचलीच नाही, किंवा ती पोहोचून पैसे वळते झाले आणि केवळ उत्तर वाटेत हरवले. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे पाठविल्यास दुहेरी भरणा होऊ शकतो.

खात्यातून रक्कम वजा होऊनही समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले आहे. यूपीआयद्वारे व्यक्तीला पाठविलेली अशी रक्कम व्यवहारानंतर एका दिवसात परत आली पाहिजे. दुकानदाराला पुष्टी न मिळालेल्या व्यवहारासाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढील विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय ठरते.

ग्राहकांनी एवढे करावे

• घर वा कार्यालयातून बाहेर पडताना व्यवहार सुरू करू नये. सुरू केलाच, तर पूर्ण होईपर्यंत जागीच थांबावे.

• बाहेर जाताच व्यवहार करायचा असल्यास वाय-फाय आधीच बंद करून मोबाइल डेटा वापरावा.

• रेल्वे स्थानक, विमानतळ येथील सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत. गाडी फलाट सोडताच ते जाळेही सुटते. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच.

• व्यवहार अडल्यास प्रथम अ‍ॅपमधील व्यवहारांची यादी, खात्यातील शिल्लक आणि बँकेचा एसएमएस पाहावा. स्थिती 'प्रलंबित' असेल, तर पुन्हा पैसे पाठवू नयेत.

• व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. मुदतीत रक्कम परत न आल्यास तो क्रमांक देऊन आपल्या शाखेत तक्रार नोंदवावी. तक्रारीचा शोध घेण्यास त्याची मोठी मदत होते.